घर, दुकान की देऊळ? : पंचगंगा घाटामागील वाडे आणि आपले रकाने

कोणत्याही शहराचा विकास आराखडा उघडला की प्रथम रंग डोळ्यांत भरतात. पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, हिरवा म्हणजे मोकळी जागा. आराखडा करणाऱ्याला प्रत्येक तुकड्याला एक रंग द्यावाच लागतो. केंद्र सरकारच्या सेवेत माझी बरीच वर्षे रकाने भरण्यात आणि इतरांकडून भरून घेण्यात गेली आहेत, त्यामुळे रकान्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. रकान्याशिवाय कर बसत नाही, अनुदानही पोचत नाही. पण काही वास्तू अशा असतात की त्यांच्यापुढे रकानाच अडखळतो. काशीच्या पंचगंगा घाटामागे, ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाटाच्या बाजूने पसरलेल्या गल्ल्यांतील जुने वाडे हे त्याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण आहे. खाली व्यवहार, वर बिऱ्हाड, मध्ये देव आणि हंगामात सगळीकडे यात्रेकरू. या इमारतीला कोणता रंग द्यावा? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. तो दोनशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी एकदा उपस्थित झाला होता आणि त्याने सबंध शहर बंद पाडले होते.

आधी जागेविषयी थोडे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम येथे होतो अशी श्रद्धा आहे; डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. कार्तिकस्नानाचे माहात्म्य याच घाटाचे. अहल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी हजारा, म्हणजे हजार दिव्यांचा स्तंभ, येथेच आहे आणि देवदीपावलीच्या रात्री तो उजळतो. मराठी माणसाचा काशीशी संबंध पेशवाईच्याही आधीचा. पैठणच्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकातच काशीत पाय रोवले. त्याच घराण्यातील नारायण भट्टांनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे करण्यात पुढाकार घेतला आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट पुढे रायगडावर राज्याभिषेकाला आले. एकनाथांचे भागवत पूर्ण झाले तेही काशीत, शके १४९५ च्या कार्तिकात. अठराव्या शतकात मात्र या संबंधाला पैशाचे बळ मिळाले. नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले आणि त्यांच्या प्रेरणेने व पेशव्यांच्या द्रव्याने घाट बांधले जाऊ लागले. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पंचगंगेवर घाटाचे काम केले आणि बिंदुमाधवाचे आजचे देऊळही त्याच घराण्याने बांधले.

हे देऊळ पाहिलेल्या वाचकाला एक गोष्ट आठवत असेल. त्याला शिखर नाही. पूर्वीचे भव्य बिंदुमाधव मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आजचा माधव शेजारच्या एका घरासारख्या घरात, जिना चढून वर गेल्यावर भेटतो. नगरपालिकेच्या लेखी इतर घरांसारखाच त्यालाही क्रमांक आहे आणि तो कोतवाली वॉर्डाच्या 'के' या अक्षराने सुरू होतो. घर आणि देऊळ यांची सरमिसळ येथे इतकी स्वाभाविक आहे.

आता इमारतीकडे वळू. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ च्या डिसेंबरात काशीत होता. त्याने तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. येथील बहुतेक घरे विटांची आणि घडीव दगडाची असून हिंदुस्थानातील इतर शहरांपेक्षा उंच आहेत. रस्ते मात्र गैरसोयीचे वाटावेत इतके अरुंद आहेत. आणि एका मोठ्या सराईच्या चौकात दोन सज्जे असून तेथे रेशमी व सुती कापड विणणारे स्वतःच आपला माल विकतात. विक्रीपूर्वी त्या कापडावर ठेकेदाराकडून सरकारी शिक्का मारून घ्यावा लागे, नाहीतर दंड आणि फटके. म्हणजे साडेतीन शतकांपूर्वी मुक्काम, उत्पादनाची विक्री आणि करवसुली या तिन्ही गोष्टी एकाच चौकाभोवती नांदत होत्या. व्यापारी इमारत म्हणजे निराळी इमारत, ही कल्पनाच त्या शहराला परकी होती.

पुढच्या शतकात मराठी मंडळींनी येथे जे वाडे बांधले, त्यांचा सांगाडा देशावरच्या वाड्याचा असला तरी अंग काशीचे आहे. पुण्याचा वाडा सागवानी खांब-तुळयांवर उभा राहतो. काशीत सागवान आणायचे कोठून? तेथे नदीच्या वरच्या अंगाला चुनारच्या दगडखाणी. शिळा नावेत चढवायच्या आणि प्रवाहाबरोबर घाटावर उतरवायच्या. वाहतूक स्वस्त म्हणून दगड स्वस्त, आणि दगड स्वस्त म्हणून खांब दगडी, जिने दगडी, पाटणेही कित्येक ठिकाणी दगडाचेच. वास्तुशैलीविषयी आपण फार सौंदर्यदृष्टीने बोलतो. तिच्यामागे नावेचे भाडे असते हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

दुसरी अट नदीची. उन्हाळ्यातील गंगा आणि श्रावण-भाद्रपदातील गंगा यांच्या पातळीत काशीत दहा मीटरहून अधिक अंतर पडते. धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर मानली जाते आणि सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. पंचगंगेच्या उंच, उभ्या पायऱ्या आणि घाटाकडील इमारतींच्या खालच्या जवळजवळ आंधळ्या भिंती यांचे कारण हेच. त्या भिंतीचे काम पाण्याचा दाब आणि वर्षानुवर्षांचा गाळ सोसण्याचे. प्रकाश आणि वारा तिच्याकडून अपेक्षितच नाही. माणसाचा वावर सुरू होतो तो वरून. त्यामुळे अशा घराला दोन दर्शनी बाजू असतात: नदीकडची किल्ल्यासारखी, आणि गल्लीकडची अगदी घरगुती.

गल्लीकडून आत शिरताना प्रथम लागतो तो ओटा, ज्याला तेथे चबुतरा म्हणतात. हा ओटा म्हणजेच दुकान. फुले, गंगाजलाच्या लोट्या, पूजेची तांब्यापितळेची भांडी. पसरायला दोन हात जागा पुरे आणि रात्री ओटा पुन्हा घराचा. मग देवडी. तेथून मधला चौक, भोवती सोपे, आणि एका सोप्यात उपाध्यायांची बैठक. तीर्थोपाध्यायाच्या वह्या, ज्यांत गावोगावच्या यजमानांचे वंश पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले, त्या याच बैठकीला राहत. हे त्या घराचे कार्यालय म्हणायला हरकत नाही. चौकातच कोनाड्यात किंवा छोट्या देवळीत देव. वरच्या मजल्यांवर चौकाच्या तोंडाशी जाळी, म्हणजे माकडांना अटकाव होतो आणि उजेड तळापर्यंत उतरतो. माडीवर घरचे बिऱ्हाड, आणि सर्वांत वर गच्ची. काशीची गच्ची हे केवळ वाळवणाचे ठिकाण नाही. गल्ली इतकी चिंचोळी की आकाश पाहायचे तर वरच जावे लागते.

या रचनेतील खरी हुशारी निराळीच आहे. यात्रेचा धंदा हा भरतीओहोटीचा धंदा. ग्रहण, कार्तिकी, महाशिवरात्र अशा वेळी माणसांचा लोंढा येतो आणि उरलेले महिने शांत जातात. आजचा हॉटेलवाला या प्रश्नाला खोल्यांची संख्या आणि हंगामी दर यांनी उत्तर देतो. वाड्याचे उत्तर असे की बहुतेक जागेला ठरलेला उपयोगच द्यायचा नाही. सोपा एरवी पाठशाळेचा, हंगामात निजण्याचा. चौक एरवी धुण्याभांड्यांचा, हंगामात पंगतीचा. गच्ची एरवी वाळवणाची, हंगामात बिछान्यांची. शिखरावरच्या मागणीसाठी भांडवल गुंतवून ते वर्षातले आठ महिने रिकामे ठेवण्यापेक्षा ही सोय कितीतरी काटकसरीची होती.

या गुणामुळे सरकारी हिशेबाचीही एकदा फटफजिती झाली असावी, असा माझा तर्क आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका अंदाजात काशीत एक ते सहा मजल्यांची बारा हजारांवर पक्की घरे, सोळा हजारांवर कच्ची घरे आणि ५ लाख ८२ हजार कायम रहिवासी दाखवले आहेत. भागाकार केला तर घरटी जवळपास २१ माणसे येतात. त्यानंतर जेम्स प्रिन्सेप १८२० साली काशीच्या टांकसाळीत नेमणूक होऊन आला. वय जेमतेम एकवीस. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. त्याने दशकाच्या अखेरीस शहराची शिरगणती प्रत्यक्ष करवली, तेव्हा सुमारे ३० हजार घरे आणि सुमारे १ लाख ८० हजार माणसे भरली. म्हणजे घरटी सहा. शहर पाव शतकात तिपटीने ओसाड पडले नव्हते. घरांची संख्या तर जवळपास तीच. आधीच्यांनी घराचा आकार पाहून माणसे ठरवली. प्रिन्सेपने माणसे मोजली. सहा मजली वाड्याकडे पाहून त्यात शंभर माणसे राहत असतील असे वाटणे स्वाभाविक होते, आणि ग्रहणाच्या रात्री तसे घडतही असेल.

आता तो १८१० सालचा प्रसंग. कंपनी सरकारने त्या वर्षीच्या पंधराव्या कायद्याने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारसच्या काही शहरांत घरपट्टी बसवली. घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा पाच, दुकानाच्या भाड्यावर शेकडा दहा, आणि धार्मिक वास्तूंना माफी. कलकत्त्यात बसून पाहिले तर यात गैर काही दिसत नाही. आजही कोणताही वित्त विभाग असाच मसुदा करील. तीन रकाने आणि तीन दर: घर, दुकान, देऊळ. काशीत मात्र या रकान्यांनी गाठ घेतली ती मी वर वर्णन केलेल्या इमारतीशी. जिच्या ओट्यावर दुकान, चौकात देव, माडीवर कुटुंब, तिला कोणता दर? आणि भाडे तरी कोणते? उपाध्यायाच्या घरी उतरणारा यात्रेकरू खोलीचे भाडे देत नसे. तो दक्षिणा देई, गावी परतल्यावर काही पाठवी, त्याचा मुलगा वीस वर्षांनी आला की वहीतले नाव पाहून पुन्हा देई. शिवाय दक्षिणेतून वर्षासने येत, ती हुंडीने. चौखंब्याच्या सावकाराकडे हुंडी वटवून, हुंडणावळ वजा जाऊन उरेल त्यावर घर चाले. इमारत पैसा मिळवत होती यात शंका नाही. पण तो पैसा खोलीला चिकटलेला नव्हता, नात्याला चिकटलेला होता. वार्षिक भाडेमूल्य हा मोजमापाचा गजच येथे लागू पडत नव्हता.

डिसेंबर १८१० च्या अखेरीस काशीने व्यवहार थांबवले. दुकाने बंद झाली, लोहारांपासून नावाड्यांपर्यंत जातीजातींच्या पंचायतींनी कामे सोडली आणि हजारो माणसे शहराबाहेर मोकळ्या जागेवर बसून राहिली. प्रभारी मॅजिस्ट्रेट बर्ड याने वरिष्ठांना धाडलेल्या पत्रांत वीस हजारांहून अधिक लोकांचा उल्लेख आहे. हा पत्रव्यवहार धर्मपाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला आणि सत्याग्रहाच्या पूर्वेतिहासात त्याला योग्य स्थान मिळाले. पण प्रशासकाच्या नजरेने त्यातील अर्ज वाचण्यासारखा आहे. अर्जदारांचे एक म्हणणे असे होते की कायद्यात पूजास्थानांना माफी आहे, आणि पंचक्रोशीच्या आतली सारी काशी हेच पूजास्थान आहे. तेव्हा कायद्याप्रमाणेच कर लागू होत नाही. दुसरे असे की पूर्वीच्या कोणत्याही राजाने माणसाच्या राहत्या घरावर सारा बसवला नव्हता. पहिले म्हणणे वकिली वाटेल. मला मात्र ते वास्तुशास्त्रीय विधान वाटते. ज्या शहरात देव, दुकान आणि बिऱ्हाड एकाच चौकाभोवती आहेत, तेथे तीन रकाने करणे चूक आहे, हे अर्जदारांनी उपलब्ध भाषेत सांगितले. सरकारने आधी ताठर भूमिका घेतली, मग सवलती दिल्या, आणि अखेर तो कर गुंडाळला.

असो. कर गेला तरी काळ बदलायचा थांबत नाही. १८१८ नंतर पेशवाईची वर्षासने आटली. १८८७ साली राजघाटाजवळ रेल्वेचा पूल झाला आणि पंचगंगेच्या पायऱ्यांवरून दिसू लागला. जी यात्रा महिनोन्‌महिने चालत असे ती काही दिवसांची झाली. महिनाभर राहणाऱ्या यजमानाच्या जागी दोन रात्रींचा प्रवासी आला. त्याच्यासाठी धर्मशाळा नावाची, एकाच कामाची, रांगेने खोल्या असलेली इमारत वाढली, आणि तिच्या मागोमाग हॉटेल. वाड्यांत वारसांच्या वाटण्या झाल्या, एका चौकाभोवती सहा चुली आल्या.

मग आला नियोजनाचा काळ. उत्तर प्रदेशाचा नगर नियोजन व विकास कायदा १९७३ चा, वाराणसी विकास प्राधिकरण १९७४ चे. २००० साली राज्य सरकारने गंगाकाठच्या शहरांत नदीपासून २०० मीटरच्या आत विकासकामांना मनाई केली. हेतू निःसंशय चांगला होता. घाटांच्या माथ्यावर सिमेंटचे मजले चढू लागले होते. परंतु पंचगंगेचा सारा मराठी मोहल्ला या २०० मीटरांत येतो. जेथे नवे काहीच करता येत नाही तेथे जुने सांभाळण्याची वाट तरी सोपी हवी. जिना बदलणे, छत उतरवून पुन्हा घालणे, पाहुण्यांसाठी स्नानगृह काढणे यांतले दुरुस्ती कोणते आणि बांधकाम कोणते, हे ठरवणारी रेषा फार पातळ आहे. आम्हा अर्थशास्त्रवाल्यांचा साधा सिद्धान्त असा की नियम पाळण्याचा खर्च नियम मोडण्याच्या खर्चाहून वाढला की नियम कागदावर राहतो. मग गल्लीकडची बाजू जुनी राखून आत रात्रीत भिंती उभ्या राहतात, चौकावर पत्रा पडतो, आणि 'पेइंग गेस्ट' अशी पाटी लागते. चौकावर पत्रा पडला की उजेड आणि वारा दोन्ही गेले; दोनशे वर्षे जो आराखडा चालला तो एका दुपारी बंद पडतो.

राज्याने २०२५ साली नवे बांधकाम उपविधी केले आणि त्यांत घर व दुकान एकत्र असू शकते हे तत्त्व मान्य केले, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र दहा लाखांहून मोठ्या शहरात ही मुभा २४ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरच्या भूखंडांना आहे. वाहनांचा विचार करता अट समजण्यासारखी आहे. पंचगंगेच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली आणि मागून गाय आली तर एकाने ओट्यावर चढावे लागते. ज्या वस्तीत घर-दुकान एकत्र असण्याची परंपरा सर्वांत जुनी, नेमकी तीच या सवलतीच्या बाहेर राहते.

दुसरे टोक विश्वनाथ धामाचे. १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. सुमारे ३३९ कोटींचे काम. तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या, तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाख चौरस फुटांचा झाला. वृद्ध यात्रेकरूला नदीवरून थेट मंदिरात जाता येते ही सोय लहान नाही, आणि मालक, भाडेकरू व दुकानदार मिळून सुमारे १४०० जणांचे पुनर्वसन करून एवढे संपादन पुरे करणे किती कठीण असते हे ज्याने फाइल हाताळली आहे त्यालाच कळेल. माझे लक्ष दोन आकड्यांकडे जाते. घरे पाडताना त्यांच्या पोटातून चाळीसहून अधिक जुनी देवळे बाहेर आली. आणि नव्या परिसरात इमारती उभ्या राहिल्या २३: यात्री सुविधा केंद्र वेगळे, मुमुक्षु भवन वेगळे, भोगशाळा वेगळी, संग्रहालय वेगळे, खाण्याची जागा वेगळी. वाडा जे एका चौकाभोवती करत होता ते आता तेवीस छपरांखाली होते, आणि प्रत्येकाला आपापला रकाना आहे.

पंचगंगेला अजून तसे काही झालेले नाही, म्हणून तेथे थोडा अवकाश आहे असे मी मानतो. करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. संमिश्र वापराचा एक रंग नकाशात असावा आणि त्याची कसोटी रस्त्याची रुंदी नसून इमारतीचा चौक असावी: चौक उघडा ठेवला, तर ओट्यावर दुकान आणि माडीवर पाहुणे यांना परवानगी, चौक झाकला तर नाही. तपासनिसाला गच्चीवरून एका नजरेत ठरवता येईल असा नियम. दुरुस्तीची परवानगी साहित्यावर ठरावी: दगडाला दगड आणि चुन्याला चुना असेल तर केवळ सूचना देऊन काम सुरू करता यावे. आणि या सगळ्याच्या आधी मोजणी व्हावी. प्रत्येक वाड्याचा आडवा नकाशा, उभा छेद, भिंतींची जाडी, पुराच्या खुणा.

या मोजणीलाही पूर्वपरंपरा आहे आणि ती याच घाटावरची आहे. मशिदीचे दोन उंच मनोरे, ज्यांना काशीकर आजही माधवरावाचे धरहरे म्हणतात, ते प्रिन्सेपच्या काळी धोक्यात आले होते. त्याने ते फूट-इंचांत मोजले. सुमारे १४७ फूट उंची आणि बुंध्याशी व्यास जेमतेम सव्वाआठ फूट. नंतर त्यांची दुरुस्ती केली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ ते मनोरे उभे राहिले. १९४८ साली त्यांतला एक कोसळला आणि पुढे सुरक्षिततेसाठी दुसराही उतरवण्यात आला. आज ते दोन्ही दिसतात ते प्रिन्सेपच्या चित्रात.